राहीबाईची चाळणी

नवरा बन्सी गेल्यावर तिसऱ्या दिवशी राख सावडायला राहीबाई घरची पिठाची चाळणी घेऊन पारनेरच्या स्मशानात गेली. तिचा दीर मुरलीधर याने मोठ्या अस्थी मडक्यात भरल्या होत्या.

"वयनी, झालं आता. चला घरी."

"बारकी हाडं ऱ्हायलीत. ती अशी टाकून मी न्हाई येनार."

ती ओंजळीओंजळीने राख चाळू लागली. जाळीवर उरलेला कण नि कण तिने पदरात घेतला. एवढ्यात वारा सुटला आणि चाळून खाली पडलेली राख माळावर उधळली.

"अवो, थांबा की!" म्हणत राहीबाई त्या राखेमागे धावली.

मुरलीधरने तिला धरून खाली बसवलं.