निळा ओरखडा

लाँड्रीवालीने नवऱ्याचा कोट पोलीसबाईंच्या टेबलावर ठेवला तो बटणं लावून, घडी घालून, कडक इस्त्री करून. तिच्या दुकानातून मळका कपडा कधी कोणाच्या हाती गेला नव्हता, मग पोलिसांच्या हाती कसा जाईल?

पोलीसबाईंनी कोट उलगडला, उलटा केला, नाकाशी नेला. मग हळूच विचारलं, "हा धुतला कोणी?"

"मीच. रक्त होतं हो. त्याला लगेच गार पाणी लागतं, नाहीतर जन्माचा डाग बसतो."

आदल्या दिवशी सकाळी तिचा नवरा सायकलवरून इस्त्रीचे कपडे पोचवायला निघाला होता. बेकरीच्या वळणावर मागून एका गाडीने त्याला उडवलं. गाडी थांबली, चालवणारा उतरला. "मला वाटलं, मला उचलायला आला," नवरा दवाखान्यात शुद्धीवर आल्यापासून हेच सांगत होता. "तर त्यानं वाकून आपला दिवा फुटलाय का बघितलं, आणि गेला निघून." त्या माणसाचे बूट आणि वाकलेली पाठ यांपलीकडे त्याला काही नीट दिसलं नव्हतं. बेकरीवाला धावत येईतो गाडी पसार. नंबर नाही, कॅमेरा नाही. पायात सळई बसवून पडलेल्या नवऱ्याला आता एकच ध्यास लागला होता. तो माणूस सापडला पाहिजे, आणि त्याला समोर उभं करून विचारलं पाहिजे, की बाबा रे, तू मला बघितलंस ना?

दवाखान्याने त्याचे कपडे पिशवीत भरून बायकोच्या हाती दिले होते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात; इथे नवरा मरता मरता वाचला तरी बाईची खोड काही गेली नाही. घाबरलेलं माणूस आपल्याला येतं ते करत बसतं, आणि तिला धुणं येत होतं.

"कोटावर रंगबिंग काही होता का?" पोलीसबाईंनी विचारलं.

"होता ना! खांद्यावर निळा ओरखडा, चांगला वीतभर. पाण्यानं जाईना मेला. शेवटी टर्पेंटाइन लावून घासला तेव्हा कुठे गेला." हे सांगताना तिच्या आवाजात जरासा अभिमानही होता. पोलीसबाईंच्या चेहऱ्याकडे बघता बघता तो विरला.

"ज्यानं पुसलात ते फडकं?"

"तेही धुतलं."

"काचेचे तुकडे?"

"झटकले. मोरीतून गेले."

पोलीसबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो बाई, तो रंग त्या गाडीचा होता. सायकलवर, रस्त्यावर आम्हाला काही मिळालं नाही. उद्या गाडी सापडली तर ती हीच, हे दाखवायला आपल्याकडे तेवढंच होतं. असे कपडे जसेच्या तसे कागदात गुंडाळून आणायचे असतात. कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

कोण सांगणार? डॉक्टरांनी गोळ्या सांगितल्या, शेजाऱ्यांनी धीर धरायला सांगितलं. कोट धुऊ नका हे कोणाच्या डोक्यात येणार? गाडी निळी होती एवढं पोलीसबाईंनी लिहून घेतलं. पण निळ्या गाड्या पैशाला पासरी.

बाहेर पायरीवर दीर वाट बघत होता. सगळं ऐकून त्याने कपाळावर हात मारला. "वहिनी, कपडे वेळेवर मिळत नाहीत म्हणून गिऱ्हाईकं बोंबलतात, आणि हाच कोट बरा एका दिवसात धुऊन झाला तुमचा!" मग तिचा चेहरा बघून त्यालाच वाईट वाटलं. "जाऊ दे. दादाला नका सांगू. कोट पोलिसांकडे दिला म्हणा. खोटं थोडंच आहे?"

हे तिला पटलं. दवाखान्याचा जिना चढेपर्यंत पटलेलं होतं.

"कोट दिलास?" नवऱ्याने ती आत येताच विचारलं.

"दिला."

"मग सापडतोय बघ लेकाचा! खांद्याला घासून गेलीय गाडी. रंग लागला असणारच." कालपासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर जीव आला होता. ते बघितलं आणि तिच्याने राहवेना. रोज असं आशेवर ठेवायचं या माणसाला?

"अहो, मी धुतला तो."

तो बघत राहिला. "रंग निघाला?"

"निघाला."

"सगळा?"

"टर्पेंटाइन लावलं होतं."

त्याने मान हलवली. "बरोबर. मीही तेच लावलं असतं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. भांडणाची तयारी करूनच ती आली होती. तिने उगाच त्याची चादर सारखी केली.

"म्हणजे सुटला गं तो," तो छताकडे बघत म्हणाला.

पाय मोडला तेव्हा न रडलेला तो माणूस आता रडू लागला. उताणा पडल्यामुळे पाणी डोळ्यांतून थेट कानांत जात होतं. तिचा हात पुसायला पुढे गेला आणि मध्येच थांबला.