जीपच्या कार्ब्युरेटरवरचं कुंकू

नृसिंहजयंती आठ दिवसांवर आली आणि महाराजांची जीप इंदापुरात आबाजीच्या गॅरेजमध्ये पेट्रोल ओकत उभी राहिली. चालू केली की दोन मिनिटं गुरगुरायची, काळा धूर सोडायची आणि गप्प. आबाजीने पुण्याहून जुन्या जीपचं म्हणून सामान मागवलं. कार्ब्युरेटरची सुई बसेना. दुसऱ्यांदा मागवलं, तर पॅकिंगची भोकं जुळेनात.

तात्याबा महाराज म्हणजे नरसिंहपूरचे कीर्तनकार. वय ऐंशीला टेकलेलं, पण पायात चाळ नसतानाही निरूपणाला उभे राहिले की जमीन वाजते असं वाटावं. जयंतीला त्यांनी याच जीपमधून नरसिंहपूरच्या संगमावर यायचं. पुढे महाराज, चाकावर आबाजी, मागे टाळकरी आणि पखवाज, हा छत्तीस वर्षांचा रिवाज. जीप थांबली की महाराज गळ्यात पडलेला पहिला हार काढून आबाजीच्या गळ्यात घालायचे आणि माइकवर सांगायचे, "हिच्यात जीव घातला त्यो ह्या माणसानं." आबाजी वर्षभर ग्रीसमध्ये कोपरापर्यंत बुडायचा तो त्या एका वाक्याच्या जोरावर.

म्हणून महाराजांची नात मेघना गॅरेजमध्ये येऊन सहज बोलून गेली तेव्हा आबाजीच्या हातातला पाना हातातच राहिला.

"काका, मी कार्ब्युरेटरचे फोटो बारामतीला पाठवलेत. एमआयडीसीजवळ बुद्धघोष सर आहेत, आयटीआयमधून रिटायर झालेले. लोक कोल्हापुरातून, नगरहून जुन्या गाड्यांचे फोटो पाठवतात त्यांना. कुठल्या गाडीचा, कुठल्या साली, आत कुठला जेट, सगळं सांगतात."

"फोटोवरनं?" आबाजी म्हणाला. "उद्या पत्रिका बी सांगंल त्यो."

"ओळखता तुम्ही त्यांना?"

"नाव ऐकून हाय."

नाव ऐकून! एका ताटात जेवलेला माणूस तो.

त्या दुपारी आबाजी जेवायला बसला आणि त्याची बायको सारजा बघत राहिली. शेवटी तिच्याच्याने राहवेना.

"भाकरी मोडताय का कुणाची मान?"

"गप वाढ."

"न्हाय, कालवणाकडं असं डोळं वटारून बघताय म्हणून इचारलं. बारामतीचं नाव निघालं व्हय?"

"पुस्तकी मिस्तरी हाय त्यो. नखात काळं न्हाय त्याच्या."

"मग तुमच्या नखात हाय की. सांगा जावा तुमी, कार्बेटर कुठला त्यो."

आबाजी ताटावरून उठला. महाराज कीर्तनात षड्रिपू सांगत तेव्हा म्हणत, पाच शत्रू दाराबाहेर दंगा करतात, कळतं तरी; सहावा मत्सर, तो ताटाला ताट लावून जेवायला बसतो. आबाजीने हे तीसेक वेळा ऐकलं होतं आणि दर वेळी शेजारच्या टाळकऱ्याकडे बघून मान डोलावली होती.

खरी गोष्ट अशी होती. तरुणपणी दोघेही बारामतीत गंगाराम मिस्तरींच्या हाताखाली होते. मिस्तरींचा एक दंडक होता: ज्याने जो भाग बनवला त्याने त्यावर पोलादी पंचाने आपली खूण ठोकायची. "काम बिघडलं तर कुणाचा कान पिळायचा ते मला कळाय पायजे," म्हणायचे. आबाजीची खूण दोन ठिपक्यांची. बुद्धघोषची म्हणजे मधे एक आणि भोवती आठ ठिपके, बारीक चाकच जणू. जयंतीच्या तोंडावर महाराजांची जीप आली. तिचा कार्ब्युरेटर तडकलेला, मिस्तरी गावाला गेलेले. बुद्धघोषने भंगारातून कुठल्याशा मोटारीचा कार्ब्युरेटर उपसला. तो इंजिनावर बसेना, म्हणून ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्याची जोडपट्टी कानशीने घासून बनवली. दोन दिवस घासत होता. तिसऱ्या दिवशी जीप अशी बोलायला लागली की रस्त्यावरचे लोक थांबले.

नरसिंहपूरला जीप पोचवायला गेला आबाजी. तिथे नारळ, फेटा, टाळ्या. महाराज म्हणाले, "पोरा, तूच जीव घातलास हिच्यात!" आबाजीने फक्त नाही म्हटलं नाही. एवढंच. मग वर्षं गेली, आणि नाही म्हणायची जागाच उरली नाही.

आणि दर खंडेनवमीला हत्यारांची पूजा करताना आबाजी जीपचं इंजिन पुसायचा, कार्ब्युरेटरला चंदेरी रंगाचा हात द्यायचा आणि कुंकू लावायचा. कुंकू बरोबर त्या जोडपट्टीवर, त्या आठ ठिपक्यांवर. सुरुवातीला त्याला ठाऊक होतं आपण कुंकू तिथेच का लावतो. पुढे पुढे ती भक्तीच झाली.

दुसऱ्या दिवशी बारामतीहून निरोप आला. मेघनाने फोन स्पीकरवर टाकला. आवाज तोच, थोडा जाड झालेला.

"हे बघा ताई, हा जीपचा दिसत न्हाय. पण नक्की सांगायचं तर अंगावरचा नंबर वाचायला लागंल. खालच्या कडंला असतोय. रंग आणि कुंकवाचा एवढा थर हाय की काय बी दिसंना. घासून परत फोटो पाठवा, न्हायतर कार्बेटरच घिऊन या."

"घासायचं न्हाय," आबाजी पटकन म्हणाला. "खंडेनवमीचं कुंकू हाय त्यावर. पुजलेली वस्तू हाय."

महाराज गॅरेजमधल्या खाटेवर बसून पान लावत होते. "आबाजी, कुंकू देवाला पोचलं छत्तीस वर्षांमागंच. आता जे ऱ्हायलंय ती नुसती माती. चल, आपण दोघं जाऊ बारामतीला."

झालं. मेघनाची गाडी, चाकावर तीच, शेजारी महाराज, आणि आबाजी आयुष्यात पहिल्यांदा महाराजांच्या मागे बसला. मांडीवर उपरण्यात गुंडाळलेला कार्ब्युरेटर, खाली जोडपट्टी तशीच गच्च चिकटलेली. निमगाव केतकीचे पानमळे गेले, लासुर्णे गेलं. आबाजी उपरण्यातून अंगठ्याने ती पट्टी चाचपत होता. नखाने खरवडून ते ठिपके मोडून टाकावेत असंही एकदा मनात आलं. पण ॲल्युमिनियम नखाला थोडंच दाद देणार.

बुद्धघोषची शेड बघून त्याचं उरलंसुरलं अवसानही गेलं. भिंतीभर फळ्या, प्रत्येक डबीवर चिठ्ठी. सुया निराळ्या, जेट निराळे. एका फळीवर जुनी पुस्तकं, कव्हरं घातलेली. कोपऱ्यात बुद्धाची लहानशी मूर्ती, पुढे ताजी फुलं. जमिनीवर तेलाचा एक थेंब नाही. एवढी स्वच्छता कशाला लागते माणसाला, आबाजीला वाटलं, इथे काय प्रसूती करायची आहे? वर पुन्हा दोन इंजिनियर पोरं वह्या घेऊन बसलेली, ह्याला सर सर करणारी. आबाजीला आजवर कुणी सर म्हटलं नव्हतं. भाजीवाल्यानेही नाही.

"या महाराज, बसा. आबाजी, बस रे," बुद्धघोष म्हणाला. जसा काल भेटला होता.

"तुमची वळख हाय?" महाराजांनी विचारलं.

"एका मिस्तरीकडं शिकलो आम्ही."

महाराजांनी वळून बघितलं. आबाजी भिंतीवरच्या कॅलेंडरमधली एकादशी शोधत होता.

बुद्धघोषने दोन्ही पोरांना चहा सांगायला पाठवलं, मेघनाही त्यांच्याबरोबर गेली. मग कार्ब्युरेटर पेट्रोलच्या थाळीत ठेवला आणि ब्रशने हळूहळू घासायला घेतलं. लाल पाणी निघालं, मग चंदेरी, परत लाल. छत्तीस खंडेनवम्या थाळीत उतरत होत्या. खालच्या कडेला आकडे उमटले. त्याने भिंगातून वाचले, एक पुस्तक काढलं, पान उलटलं, बोट फिरवत एका ओळीवर थांबला.

"ॲम्बॅसिडरचा. म्हणून तुमचं जीपचं सामान बसंना. आतापातूर चालवला कसा?"

"सुई घासून. पॅकिंग हातानं कापून," आबाजी म्हणाला. आवाज त्याचाच त्याला परका वाटला.

"छत्तीस वर्षं?" बुद्धघोषने मान वर केली. "मला न्हाय जमलं असतं."

मग त्याने कार्ब्युरेटर उलटा केला आणि जोडपट्टीवर ब्रश फिरवला. शेवटचा लाल पापुद्रा सुटला आणि आठ ठिपके दिसले, मधे एक.

बुद्धघोषने ब्रश खाली ठेवला. त्याने आबाजीकडे पाहिलं. मग पट्टीवर आडवा अंगठा ठेवला.

"कुणी बसवलाय ह्यो?" महाराजांनी विचारलं. "ॲम्बॅसिडरचा कार्बेटर जीपला?"

"लई हुशार हात असणार."

"आमचा आबाजी!" महाराजांनी मांडीवर थाप मारली. "मी काय म्हणतोय छत्तीस वर्षं? हिच्यात जीव घातला त्यो ह्यानं!"

"व्हय," बुद्धघोष म्हणाला. "आबाजीच."

सुटलो, असं वाटायला हवं होतं. जीप चालणार, हार मिळणार, जागा राहणार. पण आबाजीच्या आत असं काही पेटलं की त्यापुढे मघाचा जळफळाट म्हणजे काहीच नाही. फळ्या ह्याच्या, पुस्तकं ह्याची, सर म्हणणारी पोरं ह्याची. आणि आता मोठं मनही ह्याचंच? तेवढं तरी माझ्याकडे राहू द्यायचं होतंस की रे! तो अंगठा तिथे तसाच आडवा होता, आणि आबाजीला तो अंगठा सहन होईना.

"अंगठा काढ, घोष्या."

"ऱ्हाऊ दे की."

"काढ म्हणतो ना!"

आबाजीने स्वतःच तो हात बाजूला केला, कार्ब्युरेटर उचलून पट्टी महाराजांपुढे धरली.

"महाराज, ही खूण ह्याची हाय. माझी दोन ठिपक्यांची असती. पट्टी ह्यानं घासली, कार्बेटर ह्यानं शोधला. मी नुस्ती गाडी पोचवली. तुमी हार घातला, मी घालून घेतला. दर साली घालून घेतला."

महाराजांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांना लागलं होतं, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"देवाच्या दारात, माइकवर खोटं बोलायला लावलंस मला, आबाजी."

"व्हय."

"छत्तीस डाव."

"व्हय, महाराज."

मग महाराज बुद्धघोषकडे वळले. "मग औंदा गाडी तुमी आणायची. चाकावर तुमी बसायचं. तुमची जागा हाय ती."

आबाजीने खाली पाहिलं. हेच होणार हे त्याला इंदापूर सोडतानाच ठाऊक होतं.

बुद्धघोष ओशाळून हसला. "कसं आणू? मला गाडी कुठं चालवता येती?"

"काय?"

"न्हाय येत. तवाबी न्हाय, आताबी न्हाय. क्लचवर पाय ठेवला की थरथरतोय माझा. म्हणून तर त्या दिवशी आबाजीनं नेली." तो आबाजीकडे बघून म्हणाला, "मी दारात हुबा ऱ्हाऊन बघत हुतो. एक हात चाकावर, एक हात भाईर, शीळ वाजवत गेलास. पट्टी मी घासली आन् मजा ह्यो मारतोय, असं झालं. दोन दिवस जेवलो न्हाय मी. इतका जळलो तुझ्यावर."

"तू? माझ्यावर?"

"मग! तवापास्नंच पुस्तकं वाचाय लागलो."

पहिले हसले ते महाराज, मग बुद्धघोष. आबाजीला हसू आलं नाही. पण आत ताट लावून बसलेला तो सहावा जरा सरकून बसला.

जयंतीला जीप नरसिंहपूरला निघाली. चाकावर आबाजी, शेजारी महाराज, आणि मागे टाळकऱ्यांच्या मधे स्क्रूड्रायव्हर घेऊन बुद्धघोष. "देवळात काय मी येणार न्हाय, महाराज," त्याने आधीच सांगितलं होतं, "पण गाडी ऐकायला येतो." महाराज म्हणाले, "गाडी ऐका. अधनंमधनं मला बी ऐका."

अर्ध्या वाटेत मागून आवाज आला, "आबाजी, थांब जरा. पेट्रोल किंचित जास्त जातंय. पाव फेरा आत घेऊ."

"मला काय ऐकू येत न्हाय व्हय?" आबाजी गुरकावला. खरं तर त्याला ते ऐकू आलं नव्हतं. त्याने गाडी थांबवली, बॉनेट उचललं आणि बाजूला सरकून त्याला जागा दिली.

संगमावर महाराजांनी पहिला हार काढला, तो बुद्धघोषच्या गळ्यात घातला आणि पट्टीची सगळी गोष्ट माइकवर सांगितली, आबाजीचं नाव न वगळता. लोक टाळ्या वाजवत होते. कुणीतरी हसलंही. मागच्या गर्दीत सारजा होती. ती मात्र नवऱ्याच्या हातांकडे बघत होती. आबाजीच्या आत तो सहावा पुन्हा ताट मांडून बसला. मग त्याने टाळ उचलले. पहिला ठोका चुकला, दुसराही. तिसऱ्याला तो तालात आला.