नुन्झिओचा भांग

पोलिसाने दारात टोपी काढून मुलगा गेल्याची बातमी सांगितली, तेव्हा गाएतानो लोप्रेस्तीच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "किती वेगात होता?"

गाडी लाल दिव्याला उभी होती. मागून ट्रक आदळला आणि नुन्झिओची मान मोडली. चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नव्हता. पुढे न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या निम्म्या ओळखीच्यांनी फोनवर तेच विचारलं, "फार जोरात होता का?" लोकांना काय बोल लावायचा? सुरुवात बापानेच केली होती.

नुन्झिओ तेवीस वर्षांचा. पगार झाला की अर्धा गाडीच्या हप्त्यात जायचा, उरलेला कपड्यांत, गळ्यातल्या सोन्याच्या साखळीत आणि कातडी तांबूस करून देणाऱ्या दुकानात. केस साळिंदरासारखे उभे. तसल्याच इटालियन पोरांचा एक कार्यक्रम टीव्हीवर लागे आणि सगळा देश पोट धरधरून हसे. गाएतानो फरश्या बसवायचा. कामावरचा मुकादम सकाळी सकाळी सुरू व्हायचा, "काय रे, काल तुझ्या पोराला टीव्हीवर पाहिलं! डोक्यावर काय रुबाब, आणि आत सगळा भुसा!" गाएतानो त्याच्यापुढे दात काढायचा आणि घरी येऊन बाथरूमच्या दारावर बुक्क्या मारायचा.

"बाहेर ये, नवरदेवा! तुझा आजोबा बोटीतून उतरला तेव्हा त्याच्या अंगावर एकच सदरा होता. जनाची नाही तर मनाची तरी ठेव!"

"त्याच्याकडे एकच होता म्हणून तर मी चार घेतले, बाबा!" आतून उत्तर यायचं.

अंत्यदर्शनाची तयारी करणाऱ्या पेट्रोनेंनी अलीकडचा फोटो मागितला. "केस तसेच बसवू," ते म्हणाले.

"फोटो नको. बाजूला साधा भांग पाडा. तो तांबडा रंग झाकून टाका. साखळी नको. माझा लग्नातला निळा सूट घाला."

"त्याला हे आवडलं नसतं, गाएतानो," त्याची बायको आसुंता हळूच म्हणाली.

"जन्मभर त्याच्याच आवडीचं झालं ना? शवपेटीपाशी उभं राहून माझ्या पोराला कोणी हसता कामा नये. एवढं तरी करू दे मला." आसुंता सूट आणायला उठली.

दुपारी पेट्रोनेंच्या अंत्यदर्शनगृहात माणसं आली; तिथे एकेका खोलीत एकेका घरची पेटी ठेवलेली असे. पेटीपुढे गुडघे टेकून म्हणाली, "किती सभ्य दिसतोय!" मुकादमही आला, टोपी हातात धरून. "चांगला होता रे पोरगा," तो म्हणाला. गाएतानोला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. आसुंता मात्र बायकांच्या गराड्यात कोरड्या डोळ्यांनी बसली होती. कुणा लांबच्याच्या दुखवट्याला आल्यासारखी.

संध्याकाळी नुन्झिओचे मित्र आले. घट्ट काळे शर्ट, उभे केस, आणि त्यांच्याही आधी पोचलेला अत्तराचा वास. एका मावशीने नाक मुरडलं. पोरांनी माना खाली घालून पेटीपर्यंत मजल मारली, एकदा आत पाहिलं, घाईघाईने छातीवर क्रुसाची खूण केली आणि ती तशीच बाहेर पडली. गाएतानोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोस्तासाठी गुडघे टेकायलाही वेळ नाही यांना! खडसवायला तो मागोमाग निघाला.

व्हरांड्यात त्या पोरांतला सिल्व्हिओ पेट्रोनेंना विचारत होता, "माफ करा हं, आम्ही चुकून दुसऱ्यांच्या खोलीत शिरलो. नुन्झिओ लोप्रेस्ती कुठल्या खोलीत आहे?"

पेट्रोनेंनी गाएतानोकडे पाहिलं.

"तोच आहे रे तो," गाएतानो म्हणाला.

"नाही काका, तिथे कोणीतरी वयस्कर..." सिल्व्हिओने जीभ चावली.

गाएतानो परत आत गेला आणि दिवसभरात पहिल्यांदा त्याने नीट पाहिलं. पेटीत तो स्वतःच होता, लग्नाच्या दिवशीचा, निळ्या सुटातला. पोराला कोणी हसू नये म्हणून त्याने पोरालाच काढून टाकलं होतं.

"सिल्व्हिओ," त्याने हाक मारली. "ते केसांचं तुला जमतं का रे?"

"एकमेकांचे करायचो आम्ही, काका. मागचं आरशात दिसत नाही ना."

कुणीतरी पळत जाऊन गाडीतून केसांना लावायच्या जेलची डबी आणली. सिल्व्हिओला त्या डोक्याला हात लावायचा धीर होईना, म्हणून गाएतानोनेच जेल हातावर घेतलं. सिमेंटने राठ झालेल्या त्या हातांना ते चिकट, गार लागलं. डोकं त्याहून गार होतं.

"मुळापासून वर, काका. दाबू नका, ओढा."

एवढी वर्षं त्याने ते दार बडवलं होतं. आत पोरगा काय करतो ते मात्र कधी पाहिलं नव्हतं.

केस एकेक करून उभे राहू लागले, तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. गाएतानोने ते नीट ऐकलं. कान तापले, पण त्याने हात थांबवला नाही. कपाळावरची शेवटची बट त्याने वर ओढली.

बायकांना दूर सारत आसुंता पेटीपाशी आली. तिने पोराकडे पाहिलं, आणि तिची किंकाळी शेजारच्या खोल्यांत ऐकू गेली.

"अरे देवा! हा तर माझा नुन्झिओ!"