मेढ्यात मेढेकर नाहीत

"काका, दुसऱ्याची पत्रं वाचायला तुम्हाला लाज नाही वाटत?"

विचारलं एकदाचं! खांबामागं समीक्षा आणि गोदावरी तोंड दाबून हसत होत्या. पैज त्यांचीच. 'अबोली, तू बोलणार कधी?' म्हणून वर्षभर छळलं होतं मला. घ्या आता!

आमच्या सांगलीच्या शाळेत जुन्या तिकिटांचं आणि पत्रांचं प्रदर्शन भरलं होतं. ते मांडणारे कराडचे मधुकाका चिडलेच नाहीत. "वाटते की! म्हणून तर मालक शोधत फिरतोय. तू कुठली?"

"माधवनगरची."

"मग हे बघच." त्यांनी एक पाकीट उघडलं. तिथली एक गिरणी बंद पडल्यावर भंगारात गेलेली कार्डं होती ती. गाव सोडून कामाला आलेल्यांना घरच्यांनी पाठवलेली, पण कुणीच न नेलेली. वरच्याच कार्डावर पत्ता, 'जोतीराम बाळा शेलार.' पाठवणारा आकाराम, वरची उंबरवाडी, पोस्ट मेढा. 'दादास दंडवत. साळूवैनीस नमस्कार. इतकी कार्डे टाकली, एकाचे उत्तर नाही. आमच्यावर राग का?'

मी कार्ड दोनदा वाचलं! माझे पणजोबा जोतीराम, पणजी साळूबाई, आणि याच गिरणीत कामाला आलेले मेढ्याकडून. पण आम्ही तर मेढेकर!

पप्पा कॉलेजात असताना मेढ्याला जाऊन आले होते. स्टँडवर, देवळात, दुकानात सगळीकडं विचारलं. उत्तर एकच, "मेढेकर? हितं कुणी न्हाई." तेव्हापासून गावाचा विषय निघाला की म्हणतात, "आपल्याला गाव नाही," आणि टीव्हीचा आवाज वाढवतात.

मी तिथंच ओरडले, "काका, मेढ्यात कोण कशाला मेढेकर असेल? तिथं सगळेच मेढ्याचे!"

मधुकाकांनी कपाळावर हात मारला. गिरणीत विचारलं असणार, "कुठला रं?" डोंगरातली वाडी कुणाला ठाऊक? पणजोबा म्हणाले असतील, "मेढ्याचा." कारकुनानं लिहिलं मेढेकर. मग शेलार नावानं पत्रं आली, तेव्हा हजेरीपटावर शेलारच नाही! पणजोबांना लिहिता येत नव्हतं. पण पोस्टमन दिसला की उठून उभे राहायचे, असं पप्पाच सांगतात.

दोन दिवसांत मधुकाकांनी ओळखीतून उंबरवाडीच्या शिवतेज शेलारांचा नंबर मिळवला. मधल्या सुट्टीत मी फोन लावला. दोघी कान लावून शेजारी.

"मी अबोली. जोतीराम बाळा शेलारांची पणती."

 पलीकडून अशी आरोळी की समीक्षाचा डबाच सांडला. "आये, पळत ये! जोती आज्याचं घर घावलं! आगं पोरी, मी आकारामचा नातू. तुजा काका लागतो. आजा मरंपर्यंत म्हणायचा, दादा शेरात जाऊन आमाला इसरला."

"आणि आमच्याकडं वाटायचं, तुम्हीच विसरलात!"

"इसरतोय कसला! जत्रंत पहिला नारळ थोरल्या घराचा. जोती आजा थोरला, म्हणून दरसाल त्याच्या नावानं आमीच फोडतो. मान तुमचा हाय. येत्या रविवारी जत्रा हाय. येताय न्हवं?"

संध्याकाळी मधुकाकांनी मला दिलेलं ते कार्ड पप्पांच्या हातात ठेवलं. ते खिडकीपाशी नेऊन कितीतरी वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "आता इतक्या वर्षांनी कुठलं तोंड घेऊन जायचं?"

"अहो, त्यांनीच बोलावलंय," मम्मी म्हणाली.

"रविवारी हिचा क्लास आहे."

क्लास! टीव्हीचा रिमोट मी आधीच लपवला होता.

"क्लास बुडणार, पप्पा. रविवारी पहाटेच्या एस.टी.नं मी उंबरवाडीला चाललेय. थोरल्या घराचा नारळ मी फोडणार. आणि तुम्ही दोघंही येताय, असं शिवतेजकाकांना सांगून टाकलंय!"