दम धरा

काकासाहेबाला मी वर्षभर मनातल्या मनात शिव्या घातल्या. त्याची मला लाज वाटत नाही.

साखर कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाड्या दोन-दोन दिवस रांगेत उभ्या असतात. तेवढे दिवस ट्रकची केबिन हेच आमचं घर. गेल्या हंगामात माझे सासरे, सहादूआबा, आमच्याबरोबर होते आणि शेजारी काकासाहेबाची गाडी. गाणी ऐकायला, मोबाईल चार्ज करायला, पाय शेकायला त्याला इंजिन सुरूच लागायचं. धूर सगळा आमच्या केबिनीत. आबांना आधीच दमा. खोकून खोकून ते निळे पडायला लागले तेव्हा मी खाली उतरून त्याच्यापुढे हात जोडले. त्यानं गाण्याचा आवाजसुद्धा कमी केला नाही.

"ए बाई," तो म्हणाला, "नंबर आला की जाईन मी. तवर दम धरा."

दम्याच्या माणसाला दम धरा! वर स्वतःच हसला. आबा तिथूनच काष्टीला घरी गेले. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, आता खाटेवरून उंबऱ्यापर्यंत चालवत नाही.

यंदा मी आणि नवऱ्यानं, प्रशांतनं, इंजिनाला हात न लावता राहायचं ठरवलं. केबिनीच्या टपावर सोलर प्लेट बसवली. तिच्यावर दिवा आणि मोबाईल. दारा-खिडक्यांच्या फटीत गोणपाट कोंबलं. कारखान्याच्या नळाचं गरम पाणी कॅनमध्ये भरून गोधडीत पायाशी घेतलं. शेगडी आत आणायची नाही, बंद केबिनीत ती जीव घेते. आणि मुख्य म्हणजे सीटखाली दुसरी बॅटरी ठेवली. प्लेट तिलाच जोडली. दिवा-मोबाईलचा घरखर्च सगळा तिच्यावर, गाडीची बॅटरी फक्त गाडी सुरू करायला.

डिसेंबरात काकासाहेब पुन्हा शेजारी लागला. पण त्याच्या मालकानं गाडीला यंत्र लावलं होतं. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवलं की मालकाला कळायचं. बिचारा दोन दिवस कुडकुडला आणि मग आमची केबिन बघायला आला. मी त्याला चहा दिला. प्लेट दाखवली, गोणपाट दाखवलं, कॅन दाखवले. गोधडी मात्र सीटवरून खालपर्यंत सोडलेली होती.

"एवढंच हाय का?" त्यानं विचारलं.

"एवढंच," मी म्हणाले.

पुढच्या खेपेला त्यानंही प्लेट आणली आणि थेट गाडीच्या बॅटरीला जोडली. दिवा, गाणी, वर एक छोटा टीव्ही. त्यात दोन दिवस आभाळ आलं. मी आभाळाकडे बघून मनात म्हटलं, असंच राहा.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेटवरच्या वैजनाथनं भोंग्यावरून काकासाहेबाचा नंबर पुकारला. यार्डाचा नियम असा की तीन पुकाऱ्यांत गाडी हलली नाही तर ती रांगेच्या शेवटी. काकासाहेबानं चावी फिरवली. गाडी नुसती टकटक करून गप्प झाली. उसानं भरलेली गाडी धक्क्यानं सुरू होत नसते. तिला दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडायला जाड तार लागते आणि ती तार आमच्या पेटीत होती. मी पेटीवर बसले होते.

दुसरा पुकारा झाला तसा तो पळत आला. "वहिनी, तार द्या. लवकर." वर्षभरात बाईची वहिनी झाली. प्रशांत माझ्याकडे बघत राहिला, पण मी उठले नाही.

"देते की," मी म्हणाले. "नंबर गेला की देते. तवर दम धरा."

त्याला आठवलं. तोंडावरूनच कळलं. त्यानं हात जोडले, मी जोडले होते तसेच. तिसरा पुकारा झाला आणि मागची गाडी त्याला वळसा घालून पुढे गेली. मग मी पेटी उघडून तार काढून दिली. गाडी सुरू झाली आणि गुपचूप रांगेच्या टोकाला गेली. मला इतकं बरं वाटलं की मी प्रशांतच्या वाटणीचाही चहा पिऊन टाकला.

लगेच आबांना फोन लावला आणि सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. आबा हसले. वर्षभरात पहिल्यांदा एवढे हसले. मग त्या हसण्याचाच खोकला झाला आणि तो थांबेना. मी हॅलो हॅलो करत राहिले. बऱ्याच वेळानं सासूबाई, बनाबाई, फोनवर आल्या.

"यशोधरा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पुन्यांदा त्यांना हसवू नगं."