फळ्यावरचं शून्य

आमच्या छावणीच्या फाटकाशी एक फळा आहे. त्यावर रोज सकाळी खडूने लिहायचं: ‘आज आजारी’ आणि पुढे आकडा. फळा माझ्या दवाखान्याचा, आकडा मात्र कमांडरसाहेबांचा. ते आल्यापासून तो शून्यावरून हललेला नाही. ताप आलेला जवान आमच्याकडे ‘विश्रांतीचा सराव’ करतो, पाय मुरगळलेला ‘बैठं काम’ करतो आणि जुलाब झालेल्यांना मी ‘शौचालय पाहणी पथका’त नेमते. एवढी डोकेफोड करून डॉक्टर झाले ते काय यासाठी?

मला सर्जन व्हायचंय. लष्करात राहूनही होता येतं. शहरातल्या मोठ्या लष्करी इस्पितळात मुलाखत द्यायची, निवड झाली की कमांडरने सोडलं पाहिजे. पुढच्या वर्षी माझं वय अटीबाहेर जातंय, म्हणजे आता नाही तर कधीच नाही. म्हणून गेले साहेबांकडे.

“साहेब, सोमवारी मुलाखत आहे. एक दिवस रजा हवी होती.”

“सोमवारी? डोकं ठिकाणावर आहे ना, डॉक्टर? जनरलसाहेब तपासणीला येतायत. त्या दिवशी कुणी आजारी पडलं म्हणजे?”

“म्हणजे त्याला बघायला मी हवी, असं ना?”

“बघायला कशाला? पडू न द्यायला!”

आईला फोन केला तर ती म्हणाली, “तुला डॉक्टर केलं गं आम्ही, का फळा पुसायला ठेवलं?” मी चिडून फोन ठेवला आणि मग बसून मनसोक्त रडले.

सोमवार उजाडला. मैदानात सगळे ताठ उभे, एकटे कमांडरसाहेब उजवीकडे वाकलेले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. मी त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात आणलं. पोटावर उजवीकडे खाली दाबून हात सोडला, तर असे ओरडले की बाहेरचा बँडवाला चुकला.

“अपेंडिक्स आहे, साहेब. लगेच ऑपरेशन करायला हवं. फुटलं तर जिवावर बेतेल.”

“छट्! फळ्यावर शून्य लिहिलंय.”

“तुमच्या अपेंडिक्सने फळा वाचलेला नाही.”

“मी आजारी नाही, हा हुकूम आहे!” असं म्हणून ते स्वतःच्या चकचकीत बुटांवर ओकले.

शेवटी दोघांनी मिळून तोड काढली. कमांडरसाहेब इस्पितळाच्या पाहणीला निघाले. आडवे होऊन, सलाइन लावून. अशा रुग्णाला मी एकटं थोडीच पाठवणार? चढले रुग्णवाहिकेत. इस्पितळ तेच, जिथे माझी मुलाखत होती.

त्यांना ऑपरेशनच्या खोलीत सोपवलं आणि डागाळलेल्या गणवेशातच धावत वरच्या मजल्यावर गेले. समोरच्या ज्येष्ठ सर्जननी विचारलं, “शस्त्रक्रियेची केस शेवटची कधी ओळखलीत?”

“आज सकाळी, सर. खाली टेबलावर आहे.”

त्यांनी खाली फोन लावला. थोडा उशीर झाला असता तर फुटलंच होतं, असं उत्तर आलं. माझी निवड झाली. जिन्यात कुणी नाही बघून मी चक्क उड्या मारल्या.

साहेब टाके घेऊन परतले. जनरलसाहेबांनी शून्याचं तोंडभरून कौतुक केलं होतं, त्यामुळे स्वारी खुशीत होती. मला सोडल्याचा कागद मी सहीसाठी पुढे ठेवला.

“डॉक्टर, सोमवारी तुम्ही छावणीत नव्हता.”

“अहो साहेब, तुमच्याबरोबर तर होते!”

“मी पाहणीला गेलो होतो. पाहणीला डॉक्टर कशाला लागतो? ही विनापरवानगी गैरहजेरी झाली. अशा माणसाला सोडता येत नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाचा जीव वाचवला, तोच माझं सगळं आयुष्य एका शून्यासाठी पुसून टाकायला निघाला होता. तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती. मी दात आवळून मागे वळले.

“अरे हो, ते टाके काढून टाका,” साहेब शर्टाची बटणं सोडत म्हणाले. “फार खाजतायत.”

“कुणाचे टाके, साहेब?”

“कुणाचे म्हणजे? माझे!”

“आत्ता काढते. फक्त एवढं सांगा, तुम्ही आजारी होता का? होता, तर सोमवारी मी कामावर होते. नव्हता, तर हे टाके आले कुठून?”

साहेबांनी एकदा पोटाकडे पाहिलं, एकदा खिडकीतून फळ्याकडे. मग हळूच खाजवलं.

“सकाळी बघू,” ते म्हणाले.

सकाळी दवाखाना उघडला तर दाराशी कमांडरसाहेब उभे, हातात सही केलेला कागद. मी टाके काढले, फाटकाशी गेले, शून्य पुसलं आणि ठसठशीत एक लिहिला. अख्खं मैदान बघत होतं.

दवाखान्यात परतेपर्यंत दाराशी रांग लागली होती. कुणी खोकत होतं, कुणी लंगडत होतं, एकाने तर दुखरी दाढ दाखवायला लांबूनच आ वासला होता. शौचालय पाहणी पथक अख्खं हजर होतं.

“डॉक्टर, आम्हालाही आता आजारी पडता येईल ना?” पुढच्याने दबक्या आवाजात विचारलं.

मला एकदम भरून आलं. सहीचा कागद खिशात घातला, खडूची पेटी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, “पडा रे बाबांनो, पडा. मी जायच्या आत सगळ्यांना तपासते.”