हॅगर्ट मोटार क्रमांक ११२

बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्या कडेखाली स्क्रूड्रायव्हर शिरला आणि कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडावर उजेड पडला. मी एका मोटारीची पितळी पाटी, इंडियानातल्या डनली गावची. आहे तळहाताएवढीच, पण पोटात ठेवलेलं खूप आहे.

ऑरिन हॅगर्ट घोडागाड्या बनवायचे. १९०६ साली त्यांच्या डोक्यात मोटारीनं घर केलं. इंजिन बाहेरून आणलं, बाकी सगळं आपल्या शेडमध्ये हातानं घडवलं. पाट्यांवर आकडे ठोकायचं काम बायकोचं, आयडेलाचं. तिचा हात मोठा स्थिर.

पहिल्या पाटीवर ती 'एक' ठोकणार, तोच ऑरिन ओरडले, "अगं, थांब! पहिलीच गाडी म्हटल्यावर कोण घेईल? एकशे एकपासून सुरू कर."

"म्हणजे खोटं लिहू?"

"खोटं कसलं? आधीचे शंभर गाळले एवढंच."

तेव्हा बरेच मोटारवाले असंच करायचे. पण आयडेलाला काही चैन पडेना. ती पुढून नवऱ्याचा आकडा ठोकायची आणि मागून खिळ्यानं खरा कोरायची. माझ्या तोंडावर ११२ आणि पाठीवर, 'बारावी. आमच्याच शेडमध्ये केली. आ. हॅ., १९०८.' माझ्यानंतर कारखाना बंदच पडला.

माझी गाडी व्हॉस नावाच्या शेतकऱ्यानं घेतली. दर रविवारी पोरंटोरं कोंबून ती चर्चला निघायची. चढ आला की सगळ्यांनी उतरून ढकलायची आणि वर पोचल्यावर कौतुक मात्र गाडीचं! पुढे ती भंगारात गेली. व्हॉसकाकूंनी मला तेवढी काढून ठेवली. मला वाटलं, आठवण म्हणून. कसली आठवण! कोठीच्या फळीला उंदरांनी भोक पाडलं होतं, त्यावर मला उलटी ठोकली. दरवर्षी पाठीवर रंगाचा एक हात. तोंड भिंतीकडे, गप्पा उंदरांशी.

मला त्यातून सोडवलं लोरीननं, म्हणजे ऑरिन-आयडेलाच्या नातीनं. सात वर्षं ती बाई आजोबांच्या कारखान्याचा माग काढत होती. जुन्या जाहिराती, पत्रं, माळे, सगळं पालथं घातलं. गावातले मात्र म्हणायचे, "शंभरावर गाड्या, त्या खुराड्यात? तयार गाड्या आणून नुसत्या पाट्या ठोकल्या असतील." आता आगीच्या बंबांना जागा हवी म्हणून शेड पाडायचं घाटत होतं. गुरुवारी सभा. गाड्या तिथेच बनल्या हे पटलं तर शेड राहणार, नाहीतर शुक्रवारी बुलडोझर.

व्हॉसांचा एमेट तिचा शाळासोबती. 'आईनं कोठीत काहीतरी पितळी ठोकलंय,' एवढं त्याला आठवलं आणि ती धावत आली.

"एमेट, एकशे बारा! बघ, आजोबा खरंच सांगत होते!" ती नाचायचीच बाकी राहिली.

माझा जीव खालीवर. अगं बाई, हे सभेत सांगितलंस तर पुन्हा हसतील ना तुला! पण पाटीला कुठलं तोंड उघडायला?

एमेट भारी टापटिपीचा. "अशी रंगानं माखलेली नेणार? दे इकडे." तो माझी पाठ खरवडायला बसला. "आईनं रंग दिलाय की लोणी फासलंय!" मग त्याचा हात थांबला. "लोरीन, चष्मा लाव."

तिनं चष्मा लावून वाचलं. "बाराच? गावभर शंभर शंभर सांगत फिरले रे मी!"

"मग उद्या बारा सांग."

"आजोबांना खोटारडे म्हणतील."

"आजी तर खरी निघाली ना? अर्धं घराणं सुटलं की!"

ती हसली, पण एमेटनं पुढे ठेवलेलं पर्सिमन फळाचं पुडिंग तसंच ताटलीत राहिलं.

सभेत तिनं मला मुठीत धरलेलं. घामानं ओली झाले मी.

"किती गाड्या मग, लोरीनबाई?" अध्यक्षांनी विचारलं.

"बारा," ती म्हणाली. "आजोबांनी फुगवून सांगितलं. आजीनं मागे खरं लिहिलंय."

संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात होबार्ट सुतार उठला. सगळ्यात जास्त टिंगल करणारा हाच! त्यानं मला उलटी केली, सुलटी केली.

"बारा होय?" तो म्हणाला. "तीन वर्षांत बारा. वर्षाला चार. एवढ्या तर त्या शेडमध्ये आरामात होतील. मी एकशे बाराला हसत होतो. बाराला कशाला हसू?"

"आणि आजवर हसलास त्याचं काय?" मागून एमेट ओरडला.

"शेडचं छप्पर मी घालून देतो! आता तरी बस खाली!"

सभा खो खो हसली. हात वर झाले, आणि शेड वाचलं.

आता मी त्याच शेडमध्ये असते. होबार्टनं मला बिजागरीवर बसवलीय, म्हणजे दोन्ही बाजू वाचता येतात. माणसं आधी तोंड बघतात, मग पाठ, मग हसतात. हसू देत. आता ते हसणं बोचत नाही.

फक्त एवढं करा. कुणी म्हणालं की हॅगर्टांनी एकशे बारा गाड्या केल्या, तर सांगा, "नाही हो, बाराच, पण स्वतःच्या हातानं." आणि त्यालाही पुढे सांगायला सांगा. खिळ्यानं कोरताना आयडेलाला दुसरं काय हवं होतं?